बिनकाट्याची करडई आणि आपलं भांडण

आक्का,

भरल्या सभेत तू उठलीस आणि म्हणालीस, "हा माझा सख्खा भाऊ हाय. याचं बी घेऊ नका. याला तेल दिसतं, रान दिसत न्हाई." मग खाली बसलीस, पदर सावरलास आणि शेजारच्या बाईकडं पानाचा डबा मागितलास. जसं काही कालवणात मीठ जास्त झालंय एवढंच सांगितलं होतं.

त्याला दोन रब्बी झाल्या. तुला जाऊन आता महिना होईल. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं म्हणतात. तू किती कष्ट केलेस, दाजी गेल्यावर रान कसं सांभाळलंस, लेकरं कशी वाढवलीस, हे दहाव्याला आलेल्या सगळ्यांनी सांगून झालं. मी ऐकत बसलो होतो. त्यात खोटं काहीच नव्हतं, पण ती तू नव्हतीस. त्यांच्यातल्या एकालाही तुझं तोंड आठवत नव्हतं.

मला आठवतं. म्हणून माझी बाजू मी पुन्हा पहिल्यापासून सांगतो, कारण तू ती कधी शेवटपर्यंत ऐकून घेतली नाहीस.

मी तिसगावातला तेलघाणेवाला. सातवीत शाळा सोडली. सायकलच्या मागं पोतं बांधून वस्त्यावस्त्यांवरून करडई गोळा करायचो आणि नगरच्या बाजारात नेऊन विकायचो. पहिला सौदा तुझ्या अंगणात केला होता. मला वाटलं होतं, बहीण आहे, भावात थोडं सोडेल. तू उंबऱ्यात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "भाऊ म्हणून आलास तर बस, जेव. यापारी म्हणून आलास तर उभा राहा." मी उभा राहिलो. दुपार कलेपर्यंत घासाघीस केली आणि शेवटी तुझ्याच भावात माल घेतला. मग तू ताट वाढलंस. लोक मला म्हणतात, दत्तूशेठसारखा चिवट माणूस पाथर्डी तालुक्यात नाही. त्यांनी तुझ्याशी सौदा केला नव्हता.

पुढं घाणा टाकला. जुनाच होता, कुणीतरी मोडीत काढलेला. तुझ्या गावची करडई आणि माझा घाणा, असं अनेक वर्षं चाललं. पण माल दरवर्षी कमी होत गेला. का कमी होत गेला ते आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. काट्यामुळं काढणीला माणूस मिळेना, आणि पेरा मुळातच थोडा. करडईला आपल्याकडं कुणी पीक समजतच नाही. रान ज्वारीचं. त्या रानाच्या चारी बाजूंनी, बांधालगत, करडईच्या चार-चार ओळी. करडई वाढली की पानापानाला काटा येतो. गाय तोंड घालत नाही, मेंढरं लांबून जातात, हरणंसुद्धा आत यायला धजत नाहीत. आत ज्वारी सुखरूप राहते आणि कडेची करडई घरापुरतं तेल देते. आपल्या बापानं असंच पेरलं, त्याच्या बापानंही.

आणि घरापुरतं म्हणजे तरी किती, आक्का. चार महिने करडईचं तेल, नंतर वर्षभर दुकानातली पिशवी. त्या पिशवीतलं तेल कुठल्या देशातल्या कुठल्या झाडाचं, ते जहाजातून उतरून आपल्या फोडणीत कसं येतं, हे मी तुला एकदा सांगत होतो. तू म्हणालीस, "येऊ दे की. फोडणीला काय कळतंय कुठनं आलंय." मी म्हणालो, फोडणीला कळत नाही पण देशाला कळतं. देशाला लागणारं बरंच तेल बाहेरून येतं. तिकडं भाव चढला की तिसगावच्या बाजारात भजी महागतात. आपण तेलाच्या बियांच्या देशात जन्मलो आणि तेल परक्याच्या हातून खातो, याची मला लाज वाटते. खरोखर वाटते. घाणेवाला आहे म्हणून बोलतो असं तुला वाटायचं. घाणेवाला आहेच मी. पण ज्याचा धंदा त्यात आहे त्यानं देशाचं बोलूच नये, असा काही नियम आहे का?

तर मी बिनकाट्याच्या करडईचं बियाणं आणलं.

तुझ्या गावात चाळीस घरांना वाटलं. घरोघर फिरलो, ओसरीवर बसलो, सांगितलं की काढणीला सोपी आहे, मजूर मिळतील, भरपूर पेरा, तेल वाढेल, सगळा माल मी उचलतो. कृषी सहायक साहेबही बरोबर होते. लोकांनी बियाणं घेतलं. आणि पेरलं कुठं? जिथं कायम पेरतात तिथंच. ज्वारीच्या कडेनं चार ओळी. करडई म्हटलं की हात आपोआप बांधाकडं वळतो. काटा नाही तर ते कुंपण कसलं, हे चाळीस घरांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. साहेबांच्या आलं नाही. आणि त्याच मातीत वाढलेल्या माझ्याही आलं नाही.

ज्वारी हुरड्यात आली आणि मोकाट जनावरं आत शिरली. आधी करडई खाल्ली, कुणी वाढून ठेवल्यासारखी. मग ज्वारी. मागून माळावरची हरणं आली. तुझ्या रानाचं तोंड माळाकडं, म्हणून तुझं सगळ्यांत जास्त गेलं. दाणाही गेला, कडबाही गेला. सकाळी तुझा फोन आला. "ये. बघून जा तुझं तेल."

मी आलो. तू बांधावर उभी होतीस, हातात ज्वारीचं मोडलेलं ताट घेऊन. मी रान पाहिलं आणि मला सगळं एकदम कळलं. कळलं तेव्हा मी काय बोललो ते तुला आठवत असेल.

"वळीनं कशाला पेरली? मधी सलग पेरायची हुती."

"हे आत्ता सांगतोस?"

तिथं गप्प बसायला हवं होतं. माझी चूक समोर दिसत होती, आणि चूक समोर दिसली की माझा आवाज चढतो. हा माझा जन्माचा रोग आहे. मी म्हणालो, "सांगायला कशाला पायजे? अक्कल तुमाला न्हाई का?"

तू काही बोलली नाहीस. तू न बोलण्याची ती पहिलीच वेळ. मला तेव्हाच कळायला हवं होतं की तू ते बोलणं राखून ठेवलंयस.

आठ महिने राखलंस. पुढच्या पेरणीआधी मारुतीच्या सभामंडपात सभा भरली. तेलबियांचं क्षेत्र वाढवायचं, गावानं गट करायचा, असं सगळं साहेब सांगत होते. मी पुढं बसलो होतो, नवा सदरा घालून. त्या वेळी सलग पेरा, मधोमध पेरा, हे सांगायची माझी पूर्ण तयारी होती. सहा वेळा घोकलं होतं. आणि माझी पाळी यायच्या आधी तू उठलीस.

आक्का, तू मला घरी बोलावून शिव्या दिल्या असत्यास तर मी त्या खाल्ल्या असत्या. तू माझ्या घाण्यावर येऊन पोत्यांना लाथा मारल्या असत्यास तरी चाललं असतं. तू सभा निवडलीस. बाहेरच्या माणसानं म्हटलं असतं की याचं बी घेऊ नका, तर लोकांनी चार दिवस विचार केला असता. सख्ख्या बहिणीनं म्हटल्यावर कोण विचार करतो? त्या वर्षी गावानं बिनकाट्याची सोडच, काट्याची करडईसुद्धा पेरली नाही. कडेनं तारा ओढल्या, साड्या बांधल्या, रानात हरभरा टाकला. पुढच्या वर्षीही तेच. माझा घाणा शेंगदाण्यावर आणि बाहेरून आणलेल्या सूर्यफुलावर चालला. ज्या गावाच्या करडईवर तो उभा राहिला त्या गावचा एक दाणा त्यात पडला नाही.

हा माझा राग. तो खोटा नाही.

आता तुला कधीच न सांगितलेलं सांगतो.

ते बियाणं मी पहिल्यांदा पाहिलं ते कृषी केंद्राच्या एका प्लॉटवर. चांगली कमरेला लागणारी करडई, फुलावर आलेली. बरोबरचे लोक साहेबांना तेलाच्या उताऱ्याचे प्रश्न विचारत होते. मी नुसता पानांवरून तळहात फिरवला. एकदा फिरवला, परत फिरवला. टोचलं नाही. आणि मला तू दिसलीस, बारा वर्षांची.

आई-बाप ऊसतोडीला गेलेले असायचे, पाडव्याआधी यायचे नाहीत. आपल्या तुकड्यातली करडई तू चुलत्यांच्या घरच्या बायांबरोबर काढायचीस. पहाटे जायचं, दव असेपर्यंत. दवानं काटा मऊ पडतो, ऊन चढलं की सुईसारखा होतो. हातापायांना बापाच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळायचीस. मी सहा वर्षांचा, बांधावर बसून थंडीनं रडायचो म्हणून तू घाई करायचीस, आणि घाईत पट्ट्या सुटायच्या. घरी आल्यावर मी सुई घेऊन तुझ्या तळहातातले काटे काढायचो. तू मला शिव्या द्यायचीस, कारण मी आंधळ्यासारखी सुई खुपसायचो. मग तू भाकरी थापायला बसायचीस. पिठावर तांबडी बोटं उमटायची. ती भाकरी तू आपल्या ताटात घ्यायचीस आणि पांढरी मला द्यायचीस. मला वाटायचं, तुला तांबडी आवडते.

बियाणं मी त्यासाठी आणलं, आक्का. तुझ्या हातांसाठी, तुझ्या लेकीच्या, मनीषाच्या हातांसाठी, आणि गावातल्या ज्या बाया आता करडई म्हटलं की सरळ सांगतात की आम्ही येणार नाही, त्यांच्या हातांसाठी. तेल त्यानंतर. देश त्याच्याही नंतर. पण गावात मी हे बोललो नाही. सगळ्यांना तेल वाढेल, माल उचलतो, हेच सांगितलं. सौदा करणारा माणूस आपल्याला खरं काय हवंय ते कधी उघड करत नाही. ते उघड केलं की समोरचा तिथंच पकडतो. ही सवय मी धंद्यात लावून घेतली आणि ती घरातही वापरली. सख्ख्या बहिणीशी बोलताना वापरली. याला रान दिसत नाही म्हणालीस ना? मला रान दिसत नव्हतं हे खरं. तेल दिसत होतं हे खोटं.

नंतरची दोन वर्षं मी तुझ्या दारात आलो नाही. भाऊबीजेला तू मनीषाजवळ करंज्या पाठवल्यास. मी डबा रिकामा करून परत पाठवला, आत काहीही न घालता. आपल्यात रिकामा डबा परत करत नाहीत हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच केलं. मनीषा म्हणे, डबा उघडून तू हसलीस आणि म्हणालीस, "बरं हाय. म्हंजे राग हाय अजून." मग एकदा निरोप आला, दत्तूला म्हणावं येऊन जा. मी उलटा निरोप धाडला की आधी सभेत बोललेलं मागं घे. तू पुन्हा निरोप धाडलास, "त्यानं अक्कल काढली हुती ती आधी मागं घ्यावी." मनीषा बिचारी दोन्हीकडून निरोप वाहत होती. शेवटी ती मला म्हणाली, "मामा, तुमी दोघं फोनवर का भांडत न्हाई? माझं पायडल तरी वाचंल."

नगरच्या दवाखान्यात तुला दाखल केलं तेव्हा मात्र मी निरोपाची वाट पाहिली नाही. सकाळी भेटायची वेळ होती. तू उशीला टेकून बसली होतीस, नाकात नळी. मला पाहिलंस आणि पहिलं काय विचारलंस?

"जेवलास का?"

"जेवलो."

"खोटं बोलतो. तोंड बघ." मग थोडा वेळ श्वास घेतलास. "घाना चालतोय का?"

"शेंगदान्यावर."

"करडई?"

"तू चालू दिलीस तर चालंल."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलीस. पण तू म्हणालीस, "मी काय धरून ठिवलाय का तुझा घाना?"

आणि बघ, तिथं मी तुला सांगू शकलो असतो. सुई, पट्ट्या, तांबडी भाकरी, सगळं. दोन मिनिटांचं काम होतं. ते सोडून मी काय काढलं तर देशाचं तेल. म्हणालो, "कडेच्या चार वळींनी देशाचं तेल वाढत न्हाई आक्का. मोकळ्या रानात सलग पेरावं लागतं." तू डोळे उघडलेस. नळीतून आवाज येत होता तरी बोललीस, "देशाचं तेल वाढवायचं तर देशानं वाढवावं. माझ्या ज्वारीच्या जिवावर कशापायी? मी काय खाऊ, तेल पिऊ?" मी म्हणालो, देश म्हणजे कोण, देश म्हणजे तूच की. तू म्हणालीस, "मग देश म्हनतोय, ज्वारी आधी." माझा आवाज चढला. तुझाही चढला. सिस्टर आली आणि तिनं आपल्या दोघांकडं पाहून विचारलं, "यातलं पेशंट कोण आहे?"

तू हसलीस. नळी हलली इतकी हसलीस. सिस्टरनं मला बाहेर काढलं. दारातून मागं पाहिलं तर तू हात हलवून जा म्हणत होतीस. उद्या येतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा मनीषा खाली पायऱ्यांवर बसलेली होती.

दहाव्याला सगळे नदीवर जमले. पिंड ठेवला. कावळा समोरच्या बाभळीवर बसला होता, एकच, आणि खाली येत नव्हता. तुला ठाऊक आहे असं झालं की काय करतात. माणसाच्या मनात काही राहिलंय असं धरून एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा. तुझा संतोष म्हणाला, आई, धाकटीला पुढं शिकवीन. कावळा बसून. मनीषा म्हणाली, म्हशी विकणार न्हाई. कावळा बसून. मग सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्याकडं वळल्या. भीमाआबा, तुमच्या भावकीतले थोरले, काठी टेकत माझ्याजवळ आले.

"दत्तू, आता तूच राहिलास. म्हन चुकलो. ती वाट बघतीय."

मी पुढं झालो. ऊन चांगलंच चढलं होतं. आख्खं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं, आणि मला राग आला. गावाचा नाही, तुझा. मेल्यावरसुद्धा तू चार लोकांसमोरच मला धरलंस. मी म्हणालो, "आक्का, हितं बोलनार न्हाई. तू जिथं बोललीस तिथं बोलीन."

आणि मागं सरलो. लोक चकित झाले. कुणीतरी म्हणालं, काळीज आहे का दगड. कावळा आला नाही. भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. परत येताना माझ्याबरोबर कुणी चाललं नाही. भीमाआबा तेवढे मागं रेंगाळले आणि म्हणाले, "तिच्यावानीच हायेस." मी ते चांगल्या अर्थानं घेतलं.

त्यानंतर आठवड्यानं मनीषा घाण्यावर आली. बसली नाही. उभीच राहिली. मी म्हटलं, बस, चहा घे. ती म्हणाली, "मामा, मी मालाचं बोलाया आलीय, उभीच बरी." कुठं शिकली हे वेगळं सांगायला नको.

तिनं काय आणलं होतं ऐक. तुझ्या आणि शेजारच्या रानांत मिळून अकरा घरांची जमीन लागून आहे. बचत गटाच्या बायांनी बसून ठरवलं होतं की या खेपेला त्यातला मधला सगळा भाग बिनकाट्याच्या करडईचा, सलग. ज्वारी त्याला चिकटून बाहेरच्या अंगाला. आणि सगळ्याच्या भोवतीनं एकच कड, काट्याच्या करडईची, सहा ओळी. प्रत्येकाची वेगळी कड नाहीच. काट्याचं बियाणं तू राखेत घालून ठेवलेलं, डेऱ्यातलं. ते तिनं उपणून, निवडून तयार ठेवलं होतं.

आक्का, मी तीस वर्षं करडईच्या धंद्यात आहे. मला हे सुचलं नाही. तुलाही सुचलं नाही. आपण दोघं कड का मध्य यावरून भांडत राहिलो आणि या पोरीनं कड उचलून अकराही रानांच्या बाहेर नेऊन ठेवली. मी वरकरणी काही दाखवलं नाही. विचार करू म्हणालो. ती म्हणाली, "इचार करा. पन बाया बी घ्यायच्या न्हाईत."

"का?"

"तुमी मंडपात येऊन बोलल्याबिगर."

"मी बियाणं फुकट देतो." तोंडून निघून गेलं. असं मी जन्मात कधी बोललो नव्हतो.

"फुकट नको. बोला."

"एकट्या तुला सांगतो. तू सांग त्यांना."

"निरोप बंद झालेत मामा माझे."

मी पुष्कळ ओढून पाहिलं. पुढच्या वर्षी बोलतो म्हणालो. साहेबांना बोलायला लावतो म्हणालो. ती नुसती उभी. शेवटी मी म्हणालो, ठीक आहे, पण सलग पेरायचं म्हणजे सलगच, कुणी बांधाला चार ओळी टाकलेल्या दिसल्या तर मी माल उचलणार नाही. ती म्हणाली, कबूल. मग बसली आणि चहा प्याली.

मंडपात शनिवारी सकाळी माणसं जमली. मी नवा सदरा घातला नव्हता. जिथं तू उभी राहिली होतीस तिथंच जाऊन उभा राहिलो, बायांच्या बाजूला, खांबाजवळ. घोकलेलं काही नव्हतं.

"मी बिनकाट्याची करडई दिली आन् कडेला पेरू नका हे सांगितलं न्हाई. मला ठाऊक असायला पायजे हुतं. चूक माझी. आक्काची ज्वारी गेली, तुमची गेली, आन् वर मी तिची अक्कल काढली."

एवढंच. मला वाटलं, निदान कुणी जाऊ द्या तरी म्हणेल. मग भीमाआबांनी घसा खाकरला.

"मंग बी कवा देतोस?"

मागून एक बाई म्हणाली, "आन् मापात दे म्हनावं." बाया हसल्या. मीही हसलो असेन.

परवा पेरणी झाली. मधलं सगळं सलग, दूरवर, एका रंगाचं रान. पाभरीमागं मी स्वतः चाललो. कडेच्या सहा ओळी मनीषानं तुझ्या बियाण्याच्या टाकल्या आणि मला जवळ येऊ दिलं नाही. ओल चांगली आहे. अकरा घरांच्या करडईनं देशाचं तेल किती वाढेल? काही नाही वाढणार. पण अकरा घरं वर्षभर पिशवी आणणार नाहीत, आणि वर माझा घाणा महिनाभर करडईवर चालेल. पुढच्या वर्षी शेजारची गावं विचारायला येतील, आणि मी त्यांच्याशी घासाघीस करीन, कारण माझं म्हणणं अजून तेच आहे. ज्वारी आधी म्हणालीस, ते मला मान्य नाही. ज्वारी आणि तेल दोन्ही आधी. यावर मी तुझ्याशी कधीही भांडायला तयार आहे.

आता राहिलं तुझं. दोघांनी शब्द मागं घ्यायचे, असं आपल्यात निरोपानिरोपी ठरल्यासारखंच होतं. मी माझा घेतला, गावासमोर, तू बोललीस त्याच जागेवर उभा राहून. तुझा कोण घेणार? मनीषा तुझ्या वतीनं घेऊ म्हणाली होती. मी नको म्हणालो. तू आयुष्यात एकही शब्द दुसऱ्याच्या तोंडून मागं घेतला नाहीस आणि माझ्यासाठी तो घेतलेला मला चालणार नाही. समोरून काही मिळणार नाही हे आधीच ठाऊक असताना मी आजवर एकही सौदा केला नव्हता. हा केला. भावात तू मला याही वेळी काही सोडलं नाहीस, आणि तू सोडलं असतंस तर मला तुझी जास्त काळजी वाटली असती.

तुझा,
दत्तू